बदलून मिळालेली गाडी

पाचव्यांदा टोचन लावून आणलेली गाडी दारात उभी राहिली, तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजर बाईंनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. टोचनच्या ट्रकमधून आधी आजोबा उतरले. मागून कागदांची पिशवी सांभाळत आजी उतरली.

बाईंनी स्वतः गाडीत बसून बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते," आजोबा म्हणाले. "घरी नाही."

आजोबांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. एकही अपघात नाही. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना ही गाडी घेऊन दिली ती एकाच कामासाठी, नातीला रोज शाळेत सोडायला. मुलगा आणि सून साडेसहालाच कामावर निघत. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग चार महिन्यांपूर्वी एका सकाळी इंजिन नुसतंच घरघरलं, पेटलं नाही. त्या दिवशी आजी नातीला टॅक्सीने घेऊन गेली. तेव्हापासून बहुतेक दिवस तीच नेत होती.

सर्व्हिस सेंटरने आधी बॅटरी बदलली. मग पेट्रोलचा पंप. मग वायरिंग, आणि शेवटी गाडीचा मेंदू म्हणतात तो कॉम्प्युटरही. एकेक भाग यायला तीन-तीन आठवडे लागत. दुरुस्त झालेली गाडी त्यांचा माणूस घरी आणून लावायचा. वाटेत बंद पडली तर मी काय करू, असं विचारून आजोबांनी ती सोय पदरात पाडून घेतली होती. एक-दोन दिवस गाडी उभी असायची. चालवायची वेळ आली की पुन्हा ठप्प.

आजोबा मेकॅनिकांशी गप्पा मारत बसत. आमच्या बस बिघडल्या की पान्हा घेऊन खाली झोपायचं, दोन शिव्या हासडायच्या, की चालू. हिची समजूत घालायलाही लॅपटॉप लागतो, असं ते म्हणाले की मेकॅनिक हसत. मुलाला मात्र हसू येत नव्हतं. गाडी विकून टाकावी म्हणून तो वापरलेल्या गाड्यांच्या दलालाकडे गेला. दलालाने अंगावर एकही ओरखडा नसल्याचं कौतुक केलं, मग दुरुस्तीच्या नोंदी पाहिल्या आणि कागद परत केले. कपाळावर शिक्का बसलेली गाडी फुकट दिली तरी लोक दहादा विचार करतील, म्हणाला.

मग मुलगा इरेला पेटला. एकच बिघाड पाच वेळा झाला तर कंपनी गाडी बदलून देईल, असं वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं त्याने शोधून काढलं. वॉरंटी संपायला दहा दिवस उरले होते. आजोबा त्याला म्हणाले, सोड रे, मोठ्यांशी कशाला वाद, आजी नेतेच आहे टॅक्सीने. बाबांची उमेद खचली, असं मुलाला वाटलं, आणि त्याने आणखी कडक पत्र लिहिलं.

म्हणून हा पाचवा फेरा. या वेळी कंपनीचा इंजिनिअर मुद्दाम आला होता. बाईंनी त्याला सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. गेल्या खेपेला ही गाडी त्यांनी चार दिवस स्वतः घरी नेली होती. एकदाही बंद पडली नव्हती.

इंजिनिअर आजोबांकडे वळला. "गाडीत बाहेरच्या कोणी हात घातलाय का?"

"बाहेरच्या कोणी नाही," आजोबा म्हणाले.

त्याने आजीकडे पाहिलं. आजी कागद लावत होती.

"चौतीस वर्षांची नोकरी आहे त्यांची," ती म्हणाली. "खोटं बोलायची सवय नाही."

इंजिनिअरने अर्ज पुढे केला. आजोबांनी तो आजीकडे सरकवला. तिने सगळा वाचून दाखवला आणि खाली एका जागी बोट ठेवलं. आजोबांनी तिथे सही केली.

आठवड्याने शनिवारी नवी गाडी दारात आली. तेच मॉडेल, तोच रंग. सुनेला इतकं बरं वाटलं की ती खाली येऊन गाडीत नुसतीच बसून राहिली. मुलगा म्हणाला, आता काळजी मिटली, बाबा. सोमवारी गाडीनेच जायचं ना, असं नातीने दोनदा विचारलं. आजोबा हो म्हणाले.

सोमवारी मुलगा-सून निघून गेले आणि नात अजून उठायची होती, तेव्हा आजोबा किल्ली घेऊन खाली आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि फ्यूजच्या डबीचं झाकण चाचपत काढलं. चांगलं उजाडलं होतं, तरी समोरच्या इमारतीच्या खिडक्या त्यांना एकात एक मिसळलेल्या दिसत होत्या. चार महिन्यांपूर्वी शाळेजवळचा लाल दिवा त्यांना दिसलाच नव्हता. नात मागच्या सीटवर गाणं म्हणत होती. ब्रेक लागला तेव्हा एका सायकलवाल्या मुलीत आणि बंपरमध्ये वीतभर अंतर उरलं होतं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

पंपाचा फ्यूज वरून तिसरा. तो काढला की इंजिन पेटत नाही, आणि टोचन यायच्या आत परत बसवला की कोणाला पत्ता लागत नाही. बोटं सवयीने तिथे गेली.

जागा रिकामी होती.

त्यांनी मान वर केली. गॅलरीत कोणीतरी उभं होतं. चेहरा दिसत नव्हता, पण आवाज आजीचा होता.

"वर या, चहा टाकलाय," ती म्हणाली. "टॅक्सीला मी कालच सांगून ठेवलंय."