संध्याकाळची तोफ

"वाजव की, इंजिनिअर! म्हशी पान्हावल्यात, आन् तू अजून काडी शोधतोय व्हय?"

शेजारच्या बंद दाराआडून भागवतनानांनी हाक दिली. कल्याण खिडकीशी बसून वातीचे टोक चाचपीत होता. तोफेत आज त्याने कालच्यापेक्षा अधिक दारू ठासली होती.

बेलापूरच्या अलीकडील त्या वस्तीस बिबट्याने वेढा घातला होता. चहूकडे पुरुषभर ऊस, मधोमध घरे. वन खात्याच्या पिंजऱ्यातील शेळी बसल्या जागी खाऊन गलेलठ्ठ झाली, पण बिबट्या आत शिरला नाही. अखेर गेट-ग्रीलचे दुकान चालविणारा कल्याण आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर भागवतनाना, या उभयतांनी कंबर कसली. कल्याणने प्रत्येक गोठ्यास जाळीचे दार बसविले. मग भंगारातला वाफेचा नळ, टायरगाडीचा आस आणि विहिरीच्या सुरुंगाची दारू एवढ्या सामग्रीवर दोघांनी तोफ उभी केली. तिचे तोंड उसाकडे, वात कल्याणच्या खिडकीत.

वस्तीचा नियम एकच होता. दिवस मावळताना तोफ झाल्यावाचून कोणी उंबरा ओलांडायचा नाही. आवाजाने जनावर दूर पळते. मग निर्धास्तपणे दारे उघडावीत, शेळ्यांना पाणी दाखवावे, धारा काढाव्यात.

प्रारंभी सारे सुरळीत चालले. पुढे बनुबाईची शेळी गेली. मग एक कालवड गेली. "तोफंआधी सोडली आसंल," असे म्हणून लोकांनी जनावरांच्या धन्यांवरच ठपका ठेविला.

पोळा झाला आणि कल्याणची बायको राजेश्वरी गेली. गोठ्यामागे, उसाच्या कडेला ती सापडली.

पंचक्रोशी हळहळली. कल्याण मात्र तेराव्याला सर्वांसमक्ष म्हणाला, "सोभावच उतावळा तिचा. तोफंची वाट न्हाई बघितली तिनं." तेव्हापासून तो रोज दारू वाढवीत होता. आवाज जितका थोर, तितके आपले म्हणणे खरे, असे त्यास वाटे.

चुलीपुढून त्याची आई कडूबाई म्हणाली, "चरवी निम्मी भरली हुती तिची. तोफंआधी धार कोन काढतं रं?"

"आये, तोफ म्या वाजवली. मला ठावं हाय."

"तुला तोफंचं ठावं. बायकूचं न्हाई."

कल्याणने दात आवळले आणि काडी ओढली. वात सरसरत बांधापर्यंत गेली, तोफेशी पोहोचली आणि फुस्स करून विझली. दुपारच्या भुरभुरीने दारू सादळली होती.

"दारं उघडू नका!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "तोफ झाली न्हाई! कोनी भाईर येऊ नका!"

"आरं मग म्हशींनी काय रातभर बोंबलायचं का?" भागवतनाना करवादले, पण कडी त्यांनीही काढली नाही.

वस्ती दाराआड थांबली. कल्याण खिडकीचे गज धरून उसाकडे पाहू लागला. तोफ मुकी राहिली. आता जनावर चवताळून गोठ्यांवर तुटून पडणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कडूबाई त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

ऊस हलला. बिबट्या सावकाश बांधावर आला. त्याला कसलीच घाई नव्हती. त्याने तोफेची नळी हुंगली. मग रोजच्या पारावर कोणी टेकावे, तसा तो तिच्या चाकाला अंग लावून बसला. उसाकडे पाठ, दारांकडे तोंड. क्षणभर त्याने मान वळवून तोफेकडे पाहिले, आणि पुन्हा बंद दारांवर नजर लावून तो तिच्या वाजण्याची वाट पाहू लागला.