तडतड थांबल्यावर

आठ दिवसांची साय मी साठवायची, विरजण मी घुसळायचं, लोणी मी धुवायचं आणि तूप होत आलं की सासूबाईंनी येऊन गॅस बंद करायचा. चौदा वर्षं हेच! आजही बाहेरच्या खोलीत त्या शेजारच्या मिश्रा आंटींना सांगत होत्या, “बहू को अंदाज ही नहीं. मैं न देखूं तो जला दे.” झाशीच्या आख्ख्या रेल्वे कॉलनीत माझी हीच कीर्ती. तेवढ्यात पातेल्यातली तडतड थांबली, बेरी सोनेरी झाली. डोळे मिटूनही मला कळलं असतं. बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला. बेरी काळी पडली. जळका वास बाहेर पोचला. सासूबाई धावत आल्या. “अगं, कळलं नाही तुला?” मागोमाग आलेल्या आंटींनाही समजावं म्हणून मी हिंदीत म्हणाले, “मुझे अंदाज कहां, मांजी? आपकी राह देख रही थी.”