त्रैमासिकाची पत

“तायडेबाई, लेख छापायचाय ना? मग आमच्या अंकांमधले संदर्भ घाला. जितके संदर्भ, तितकी आमची पत,” गुन्हेगारी-संशोधनाच्या त्रैमासिकाचे संपादक टिळेकर म्हणाले.

लेख अडला तर मंदाकिनी तायडेची प्राध्यापकी जाणार होती. तिने दात-ओठ खात संदर्भ घातले, पण प्रत्येकाखाली पुराव्यानिशी लिहिलं, की त्या लेखातले कोठडीतल्या मृत्यूंचे आकडे खोटे आहेत. खुद्द टिळेकरांचा लेखही तिने सोडला नाही.

सगळं जसंच्या तसं छापून आलं. वर टिळेकरांनी पेढे आणले.

“सर, वाचलात तरी का?”

“वाचला की. सालटी काढलीत आमची. पण संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला शिवी काय न् शाबासकी काय, सारखीच. त्रैमासिक क्रमवारीत वर गेलं, तुमची नोकरी वाचली. पुढच्या अंकात आणखी झोडा.”

तोंडातला पेढा मंदाकिनीला गिळवेना, थुंकवेना.