फळ्यावरचं अक्षर

वसई पूर्वेच्या कारखान्यात गेटवरचा ‘अपघाताविना दिवस’ हा फळा रोज सकाळी जितेंद्र लिहायचा, कारण त्याचं अक्षर वळणदार होतं. प्रेस मशीनखाली त्याची चार बोटं गेली, तरी ते काम त्याच्याकडेच राहिलं. मॅनेजरने एवढंच बजावलं, “आकडा शून्यावर आणायचा नाही. आणि भरपाईची केस केलीस तर कामावर यायचं नाही.”

चार महिने त्याने आकडा रोज एकाने वाढवला. मग केस केली. दुसऱ्याच दिवशी वॉचमनने त्याला गेटवर थांबवलं.

कोर्टातली ही चौथी तारीख होती. कंपनीच्या वकिलाने दोन फोटो पुढे ठेवले. “साहेब, याचा हात आमच्याकडे कामाला लागण्याआधीपासून असाच आहे. आमच्याकडे अपघात झालेलाच नाही. हा दसऱ्याच्या पूजेचा फोटो, फळ्यावर दोनशे बारा दिवस. हा सव्वीस जानेवारीचा, तीनशे अठ्ठावीस. दोन्ही आकडे यानेच लिहिलेत, विचारा त्याला.”

साहेबांनी फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. पहिल्यातले आकडे छापल्यासारखे होते. दुसऱ्यातले पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखे, एका बाजूला कललेले.

“दोन्ही तुम्हीच लिहिलेत?”

जितेंद्र सकाळपासून बाकावर बसून होता. उठायला त्याला जरा वेळ लागला.

“हो साहेब, मीच. दसऱ्याचा उजव्या हाताने.”