बिजलीबाईची टाकी

"नोटीस मी घेत नाही," बिजलीबाई म्हणाली आणि मांडीवरच्या गोधडीला टाके घालत राहिली.

आरोग्य निरीक्षक घनश्याम देठे सकाळच्या एसटीनं उमरखेडहून ढाणकीला आले होते. गल्लीतल्या विहिरीच्या पाण्याला पंधरा दिवसांपासून वास येत होता. चार घरांत पोरं जुलाबांनी आजारी होती. तक्रारदार मारोतराव शेजारीच उभे होते. त्यांची नात नलू तर अंथरुणाला खिळली होती.

"बाई, कायदा सरळ आहे," देठे म्हणाले. "ज्याचं घर, त्याची टाकी. संडासाची टाकी गळली, तर मालकानं स्वखर्चानं दुरुस्त करायची. नाही ऐकलं तर आम्ही मुरूम टाकून बुजवू."

"कायदा मले मान्य हाय, साहेब. पण माह्यी टाकी गळत नाही."

"कशावरून?"

"चीर पडली असती तं गल्लीच्या पयले मले समजलं असतं."

मारोतराव हसले. त्यांचं आणि बिजलीबाईचं, दोन्ही घरं त्यांनीच आपल्या दोन पोरांसाठी बांधली होती. गवंडी एकच, नकाशा एकच, परसात सिमेंटची टाकी असलेला संडासही तसाच. गल्लीत टाक्या या दोनच, आणि विहीर बरोबर दोन्हींच्या मधे. बाकी गल्ली नाल्यावर जायची. धाकटा पोरगा नागपूरला नोकरीला लागला, तेव्हा दुसरं घर बिजलीबाईच्या नावावर झालं. तिचा नवरा लखीराम. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मुलखाचं धान्य वाहिलं. हा तांड्यावर शेती करायचा आणि पोरांच्या शाळेसाठी गावात आला होता. मारोतरावांनी घर विकलं खरं, पण मनातून ते काही त्यांना विकता आलं नव्हतं.

"साहेब, ह्या लोकाईले संडास वापरता येते का?" ते म्हणाले. "तुंबून ठेवला हाय. म्हणून तं घरदार पहाटे टमरेल घेऊन नाल्यावर जाते. अन् टाकीचं झाकण पाहा. शेणामातीनं लिंपून घेतलं. वास दाबाले."

देठ्यांनी परसात जाऊन पाहिलं. झाकणावर खरंच बोटभर जाड लिंपण होतं. त्यांनी वहीत नोंद केली.

"टाकी उघडता कधी?"

"चैतात एक डाव. मंग वर्सभर हात लावत नाही."

"वर्षातून एकदा, हे चांगलंच आहे. मग आज उघडून दाखवा."

बिजलीबाईची सुई थांबली. "सावनात नाही उघडत, साहेब."

"झालं," मारोतराव म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं."

तोवर ओट्याभोवती अर्धी गल्ली गोळा झाली होती. त्यातल्या एकानंही बिजलीबाईची बाजू घेतली नाही. तिला संताप आला. तीन वर्षं तिची घागर विहिरीवर सगळ्यात शेवटी भरली जात होती. नलू आजारी पडली तेव्हा ती पेज घेऊन गेली होती, तर दारातूनच परत पाठवली. आता पोरं आजारी पाडल्याचा ठपका बसला, तर गल्लीत राहणं कठीण होतं. तांड्यावर परत जायचं म्हणजे तिच्या पोरांची शाळा सुटली. तेवढ्यासाठीच तर हे घर घेतलं होतं.

तिनं गोधडी बाजूला ठेवली.

"उघडतो मी. पण पयले कागद करा. ज्याची टाकी गळत असन, त्यानं संडास बंद करावा अन् गल्लीले सोताच्या खर्चानं नवी इहीर खोदून द्यावी. माह्यं नाव घालू नका, या भाऊचंबी घालू नका. दोघाईच्या सह्या पायजेत."

"मी काहून सही करू?" मारोतराव म्हणाले.

"तुमची टाकी पक्की हाय ना, भाऊ?"

"पक्की म्हंजे? लोखंड हाय."

"मंग भेता कायले?"

मागं कोणीतरी फिदकन हसलं. मारोतरावांना ते झोंबलं. त्यांनी देठ्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि नावापुढचा 'राव'सुद्धा न गाळता झोकात सही ठोकली. बिजलीबाईनं अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून देठ्यांनी सही केली.

"विचार करा, बाई," ते हळूच म्हणाले. "विहीर खोदणं म्हणजे खायचं काम नाही."

"केला इचार."

तिनं एकदा आभाळाकडं पाहिलं. दोन दिवसांपासून उघाड होती. मग खुरप्यानं झाकणाच्या कडेचं लिंपण खरवडायला घेतलं. ते चांगलंच मुरलेलं होतं, निघता निघेना. लखीरामनं घरातून लोखंडी सब्बल आणली. बायकोकडं त्यानं दोनदा पाहिलं.

"तोंडाले रुमाल बांधा, साहेब," मारोतरावांनी बजावलं आणि स्वतः उपरण्यानं नाक झाकलं. गल्ली चार पावलं मागं सरली. बायांनी पदर तोंडाशी धरले.

सब्बल झाकणाच्या खाचेत बसली. नवराबायकोनं मिळून रेटा दिला. झाकण कुरकुरत सरकलं.

देठ्यांनी श्वास रोखून बांबू आत खुपसला. तो वीतभर गेला आणि अडला. त्यांनी जोर लावून पाहिला, पण बांबू पुढं जाईना.

बिजलीबाई गुडघ्यांवर बसली. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि भरलेली ओंजळ मारोतरावांच्या नाकासमोर धरली. ओंजळीत गेल्या सुगीची ज्वारी होती, दाणा न् दाणा खडखडीत कोरडा.