अस्सल वास

“वास घे,” रंगनाथराव म्हणाले आणि काळाकुट्ट रुपया त्यांनी उत्कर्षाच्या नाकाशी धरला. “कसला येतो?”

उत्कर्षाने वास घेतला आणि ती दोन पावलं मागे सरली. उकडलेलं अंडं!

म्हणजे म्हाताऱ्याने पकडलं. वरची खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती : या घरात अंडं शिजणार नाही. यवतमाळहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेल्या एकट्या पोरीला त्याआधी पाच घरांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. तिने मान डोलावली, आणि आठव्या दिवसापासून रोज सकाळी एक अंडं उकडायला लागली. भांड्यावर झाकण, झाकणावर वजन, शेजारी दोन उदबत्त्या. टरफलं पर्समध्ये, ती कंपनीची बस पकडताना स्वारगेटच्या कचरापेटीत. इतकं करूनही वास खाली उतरला? आणि उतरला तो थेट रुपयावर जाऊन बसला?

“अगं, घाबरतेस काय? अस्सल चांदीचा वास आहे हा!” रंगनाथराव तर चक्क खुशीत होते. “पेशवाईतला अंकुशी रुपया. चौतीस वर्षं माझ्या कपाटात कुलपात आहे, पाण्याचा थेंब लागलेला नाही. धुतलेल्या नाण्याला हा वास मरेस्तोवर यायचा नाही. तू शिकलेली, या दोघांना सांग समजावून.”

ही दोघं म्हणजे तुळजाबाई आणि तिचा मुलगा बजरंग. कात्रजच्या पलीकडचं त्यांचं रान कुठल्याशा इंजिनियरिंग कॉलेजात गेलं, जुनं घर पाडलं, तेव्हा सासूच्या चुलीखालून रुपयांचं मडकं निघालं. ते विकायचं म्हणून दोघं रंगनाथरावांकडे आली होती, कारण धुतलं की जुन्या नाण्याची किंमत पडते, आणि नाणं धुतलेलं की न धुतलेलं हे सांगावं रंगनाथरावांच्या नाकानेच, अशी पुण्यात ख्याती. रुपया रिठ्याने घासलाय की चिंचेने, एवढंच नव्हे तर चिंच यंदाची की गेल्या सालची हेही ते नाक सांगे म्हणत. त्या नाकाने नाही म्हटलं, की ते नाणं अख्ख्या शहरात कुणी हातात धरत नसे.

रंगनाथरावांनी मडक्यातला एक रुपया हुंगला आणि फडक्यावर टाकला. “नुसती माती. धुतलेत, मग मातीत घोळून काळे केलेत.”

“म्या पाणी बी दावलं न्हाय मालक. निघालं तसं बांधून आणलं.”

“मडकं खोटं बोलत नाही हो बाई. माणसं बोलतात.”

बजरंगचा चेहरा उतरला. “आये, मडकं दोन दिस तुझ्यापाशी हुतं. यांनी धुतल्यालं म्हटलं की झालं. भावकी म्हणंल, मडक्यातले हे न्हवंच, तुळजीनं रुपये बदलले.”

“भावकीचं ऱ्हाऊ दे. तू काय म्हणतूस?”

बजरंगने फडकं तिच्याकडे सरकवलं.

तुळजाबाईने फडक्याची गाठ मारायला घेतली. गाठ काही बसेना. उत्कर्षा पेचात पडली. बोलावं तर खोली जाते. गप्प बसावं तर या बाईला पोटच्या पोरापुढे चोर ठरवून पाठवायचं. तिने सुटकेसाठी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारात रंगनाथरावांच्या पत्नी सुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कप बशांवर किणकिणत होते. त्यांनी उत्कर्षाकडे बघून हळूच मान हलवली. नको.

म्हणजे काकूंना सगळं ठाऊक होतं! उदबत्त्या, टरफलं, सगळं. बिचाऱ्या आपली खोली वाचवू बघताहेत, या विचाराने उत्कर्षाला भरून आलं. आणि का कोण जाणे, त्यानेच तिला धीर आला.

“काका, धुतलाय तो तुमचाच रुपया. आणि धुऊन पुन्हा काळा केलाय. हा चांदीचा वास नाही. उकडलेल्या अंड्याचा आहे. अंड्याच्या वाफेत चांदी काळी पडते, आणि मुळातच काळ्या रुपयाला अशी वाफ कोण देईल?”



“शिव शिव!” रंगनाथरावांच्या हातून रुपया निसटला आणि खणखणत तुळजाबाईच्या पायाशी जाऊन पडला. “या घरात जन्मात कुणी अंडं पाहिलेलं नाही. तुला गं कुठून ठाऊक त्याचा वास?”

“मी रोज खाते. वरच्या खोलीत.”

रंगनाथराव उभे राहिले. दाराकडे बोट करून म्हणाले, “सामान बांध. आत्ताच्या आत्ता.”

सुशीलाबाईंनी ट्रे खाली ठेवला. आधी तुळजाबाईच्या हातात कप दिला, मग पदराला हात पुसले.

“थांब गं उत्कर्षा, एकटी निघू नकोस. माझीही पिशवी भरते. अहो, ते कपाट माझ्या माहेरचं. किल्ल्या दोन होत्या. पहिल्या दिवाळीला मी हौसेनं तुमची सगळी नाणी चिंचेनं घासून लख्ख केली, आणि बाहेर तुम्ही कुणाला तरी सांगत होतात, धुतलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. मग तांबट आळीतल्या मैत्रिणीनं उपाय सांगितला. तेव्हापासून दर दिवाळीला तोंडावर पदर घेऊन स्वारगेटहून डझनभर अंडी आणतेय मी. काय करणार? वास उतरला, की तुमचा चेहरा उतरायचा.”