निरोगी पोरांची रांग

"निरोगी पोरंच आणा. आजारी आणलं तर वापस धाडीन," सुंदररावानं भोंग्यावरून पुन्हा बजावलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी. दुष्काळातली ही चारा छावणी सोसायटीनं उघडलेली, म्हणून जनावरांसोबत माणसांवरही आपलाच हुकूम चालतो, असं त्याला वाटे.

अंबाजोगाईहून डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं मशीन घेऊन आली होती. लहान पोरांची अंडं वयाप्रमाणं कशी वाढतात, त्यांची मापं तिला घ्यायची होती. पुस्तकातली मापं परमुलखातल्या पोरांची. आपल्याकडच्या पोरांची कुणी घेतलेलीच नव्हती. औषध नाही, गोळी नाही, नुसतं माप.

भिवराबाई नातवाचं मनगट आवळून रांगेत उभी होती. सटवा सहा वर्षांचा. तान्हेपणी तेल लावतानाच तिच्या हाताला कळलं होतं, एका बाजूचं अंड खाली उतरलेलं नाही. उतरेल, उतरेल म्हणता म्हणता पोर शाळेत जायला लागलं. लेक-सून कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. पोर तिच्या गळ्यात. दवाखान्यात न्यावं, तर जीपमध्ये गावातलीच माणसं. कशापायी चाललात, म्हणून विचारणार. आणि एकदा पोराला नाव पडलं की ते लग्नाच्या मांडवापर्यंत त्याच्या मागं चालत येणार. भिवराबाईच्या घराकडं आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर ते बोट तिनं जाग्यावर ठेवलं नसतं.

आता मशीनच दारात आलं होतं. पण आजारी म्हणावं, तर सुंदरराव हाकलणार, वर छावणीभर बोभाटा. म्हणून तिनं रात्रीच ठरवून टाकलं होतं. मान ताठ ठेवायची आणि ठणठणीत म्हणून सांगायचं. एकदा पडद्याआड गेलं की मशीनला दिसायचं ते दिसेल.

पुढच्या बायांची मात्र तऱ्हाच न्यारी. रतनबाईचा पोरगा सकाळी लिंबाच्या शेंड्यावर चढून बसला होता. ती म्हणाली, ह्याच्या अंगात जीवच नाही, घास तोंडात फिरतो नुसता. गीताबाईचं पोरगं गरगरीत भोपळ्यासारखं. तिच्या म्हणण्याप्रमाणं ते रात्रभर खोकत होतं. कुणाचं पोट दुखे, कुणाला तापाची कसर भरे. एकीचंही पोर धड नव्हतं. डॉक्टरीणबाई सगळं ऐकून घेई, "बरं, बरं" म्हणे आणि हसत हसत एकेकाला आत घेई.

भिवराबाईला तिची कीव आली. एवढी शिकली, पण आजारी कोण अन् निरोगी कोण, एवढं उमगेना.

तिची पाळी आली.

"याला काही त्रास आहे का, आजी?" डॉक्टरीणबाईनं शहरी मराठीत विचारलं.

"तरास?" भिवराबाई रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशी बोलली. "दगूड खाल्ला तर पचवंल. लई खणखणीत पोरगं हाय माझं. सगळ्या छावणीत असं दुसरं दावा मला."

तपासून बाहेर आलेल्या रतनबाईनं वळून पाहिलं आणि घाईनं आपल्या पोराच्या डोक्यावर पदर ओढला.

डॉक्टरीणबाई या वेळी हसली नाही. तिनं सोबतच्या नर्सला पाणी आणायला बाहेर धाडलं. दोघांना पडद्याआड घेऊन फट हातानं नीट बंद केली. सटव्याच्या गालाला हात लावला, भिवराबाईला स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढं उकिडवी बसली. बोलली तेव्हा आवाज बारीक होता, आणि शहरी मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"आजी, मी घाटनांदूरची हाय. चांगल्या पोराला चांगलं म्हननारी आजी आपल्या मुलखात मी अजून पाह्यली न्हाई. दिष्ट लागंल म्हनून सकाळधरनं एकजनबी म्हनली न्हाई, तुमीच म्हनलात. आता सांगा, कधीपासून हाय ह्याला?"